चौकटीला दिलेला हातभर जोड

१९४४ साल. माझं वय तेव्हा बावीस. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण तुमच्या या सदरात जो तो "फार वर्षांपूर्वीची गोष्ट" म्हणून सुरू करतो, आणि जे झालं ते कधीच त्याला स्वतःला झालेलं नसतं. मित्राच्या मावसभावाला होतं, नाहीतर सासऱ्याच्या ड्रायव्हरला. मला साल पाठ आहे, जागा पाठ आहे, आणि ज्याला लागलं ते कपाळ माझंच आहे.

माझी नातसून तुमचा अंक आणते आणि दुपारी मोठ्यानं वाचून दाखवते. वळणावरची बाई, विहिरीवरची बाई, पिंपळाखालची बाई... बायांना मेल्यावर तरी काही दुसरं काम असेल की नाही? मी हसतो. तिला राग येतो. म्हणाली, आजोबा, तुम्हाला कधी काहीच अनुभव आला नाही का? मी म्हणालो, आला एक. पण तो तुमच्या त्या बायांच्या रांगेत बसणारा नाही. ती म्हणाली, लिहा मग. म्हणून लिहितोय. शाळा चौथीपर्यंत झाली आहे माझी. अक्षर सुधार म्हणून सांगितलंय तिला, मजकुराला हात लावायचा नाही.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता आणि आजही नाही. आमच्याकडं लोक तिवाट्यावर उतारा ठेवायचे, नारळ, भात, लिंबू. तो नारळ मी उचलून दगडावर फोडून खायचो. एकदा नव्हे, दर अमावस्येला. लोक म्हणायचे हा पोरगा रक्त ओकून मरणार. ते सगळे गेले, मी अजून भाकरी खातोय.

आता जागा सांगतो. कर्जत तालुका, सीना नदीचा अलीकडचा काठ. पलीकडं तेव्हा निजामाची हद्द होती, आम्ही तिला मोगलाई म्हणायचो. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की कोणीतरी रिकामटेकडा मोबाईल घेऊन तिथं जाईल आणि काट्यांचे फोटो काढत बसेल.

आमचं गाव नदीला अगदी लागून. नदी दोनदा गावात शिरली. दुसऱ्या वेळेला निम्मी घरं बसली, तेव्हा पंचांनी ठरवलं की गाव उठवून वर माळावर न्यायचं. दीड कोस. मारुती नेला, पार नेला, ज्यानं त्यानं आपापल्या घराची लाकडं नेली. मागं राहिल्या त्या भिंती. त्याही राहिल्या नाहीत. गावठाणची माती म्हणजे पांढरी. पिढ्यान्पिढ्यांची राख, शेण आणि भिंतींची माती एकत्र मुरलेली. ती रानात टाकली की ज्वारी छातीला लागते. गाव उठलं आणि लोकांनी गाड्या जुंपल्या. भिंती पाडल्या, जमीन खणली, दगड उचलले. मी पण माझ्या स्वतःच्या घराच्या सहा गाड्या माती रानात नेऊन टाकली. त्या साली ज्वारी काय आली होती... दोन वर्षांत तिथं गाव होतं हे सांगूनही खरं वाटलं नसतं, असं सपाट झालं.

आमच्याकडं घर हलवायचं म्हणजे चौकट हलवायची. भिंती कोण नेतो? जुन्या दाराची चौकट नव्या जागी उभी केली, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, की घर आलं. बाकीचं सगळं नंतर.

आमची चौकट सागाची, माझ्या आज्यानं करून घेतलेली. मुद्दाम बुटकी. येणारा कोणी असो, पाटील असो नाहीतर तलाठी, वाकूनच आत आला पाहिजे. आजा गेला, पण सगळ्यांना वाकवणारं ते लाकूड मागं ठेवून गेला. मी निघालो ताडमाड उंच. मिसरूड फुटल्यापासून त्या वरच्या आडव्या लाकडाला माझं कपाळ लागायचं. दिवसातून एकदा तरी. आई म्हणायची, "सखा, वाकत जा रं बाबा, हाडं एकडाव फुटत्यात." मी नाही वाकलो. माझ्या घरात मी मान कशाला खाली घालू? आई गेली, मी तसाच राहिलो. उजव्या भुवईच्या वर कातडी जाड झालेली आजही हाताला लागते.

आता आबा. आबा म्हणजे माझे वडील. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलं होतं, बारा वर्षं काही दिसत नव्हतं. पण जुन्या घरात त्यांना आंधळा कोणी म्हणालं नसतं. काठी नाही, भिंत चाचपणं नाही. दारापाशी आले की उजवा हात वर करायचे, कोपरातून वाकवून, आणि तळवा त्या वरच्या लाकडाला खालून टेकवायचे. लाकडात एक गाठ होती, पेरूएवढी, तळव्यानं गुळगुळीत झालेली. हात गाठीवर बसला की त्यांना सगळं घर कळायचं. डावीकडं तीन पावलं रांजण, उजवीकडं जातं, समोर चूल. कोण बसलंय, कोण निजलंय, तेही सांगायचे. गाडीवरून पडून उजवा खांदा निकामी झाला होता, त्यामुळं हात डोक्याएवढाच वर जायचा, त्याच्यावर नाही. पण लाकूड तेवढ्यावरच होतं. जणू त्यांच्यासाठीच ठेवलेलं.

माळावर दीड वर्ष आम्ही छपरात काढलं. चव्वेचाळीसच्या माघात घर उभं राहिलं. धोंडीबा सुतार चौकट बसवायला आला, तेव्हा मी त्याला म्हणालो, "धोंडीबा, दोन्ही बाह्यांना खालनं हातभर जोड द्या."

बाह्या म्हणजे चौकटीची उभी लाकडं. धोंडीबानं हत्यार खाली ठेवलं.

"चौकटीला जोड?"

"व्हय."

"सखाराम, माझ्या बापानं बसवलेली चौकट हाय ही. जोड पलंगाला देत्यात, औताला देत्यात. चौकटीला कुणी दिलाय का?"

"मी देतोय. तुमी करनार का दुसरा बघू?"

"म्हाताऱ्याला इचारलंस?"

"म्हाताऱ्याला दिसतंय व्हय?"

हे मी बोललो. तसंच लिहितो. धोंडीबानं माझ्याकडं बघितलं आणि बाभळीचे दोन तुकडे काढले. जोड झाला, त्यावर चिखल लिंपला, वरून सारवलं. दिसतसुद्धा नव्हता. मी ताठ मानेनं आत गेलो, ताठ मानेनं बाहेर आलो. चार वेळा. लोक बघत होते, बघू दे म्हणालो.

आबांनी आधीच विचारलं होतं, "चौकट हाय तशी बसवनार ना?" मी म्हणालो होतो, "तशीच." बायकोला सांगून ठेवलं, धोंडीबाला सांगून ठेवलं, कोणी बोलायचं नाही.

नारळ फुटला. बायको आबांचा हात धरून त्यांना दारापाशी आणत होती. आबांनी हात सोडवून घेतला. "सोड गं. माझं घर मला म्हाईत हाय."

ते पुढं आले. उजवा हात वर केला, तळवा उघडा. हात रिकामा राहिला.

त्यांनी तो डावीकडं नेला, उजवीकडं नेला. मग एक पाऊल पुढं टाकलं तर उंबऱ्याला अंगठा ठेचला. जुन्या घरी उंबऱ्याला त्यांचा पाय कधीच लागला नव्हता. थांबले. चौकटीच्या बाहीवरून हात फिरवला. म्हणाले, "ही कुनाची चौकट, सखा?"

"आपलीच की."

"वरचं लाकूड कुठं हाय?"

"हाय की जागच्या जागी. तुमचा हात चुकतोय."

"हात चुकतोय?"

"वय झालं आबा तुमचं."

आबांनी हात खाली घेतला आणि तळवा आपल्या तोंडासमोर धरला, जसं काही तो दिसणार होता. म्हणाले, "डोळं गेलं तवा मला कळलं हुतं. हात कवा आंधळा झाला, ते कळलंच न्हाई."

आणि माघारी फिरले. जुन्या छपरात बैल बांधले होते, तिथं जाऊन बसले. घरात आले नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. दोन महिने नाही.

मला काय वाटलं? राग आला. नाटक वाटलं म्हाताऱ्याचं. अख्ख्या माळावर असलं घर नव्हतं, दगडी जोतं, वर मातीचं जाडजूड माळवद, आणि हा माणूस बैलांच्या शेणात बसतोय, का, तर हाताला लाकूड लागत नाही. लाकूड म्हणजे घर आहे काय? घर म्हणजे चार भिंती आणि वर छत, हे मी त्यांना छपरात जाऊन दोनदा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

बायको भाकरी तिथं नेऊन द्यायची. आधी दोन खायचे, मग एक, मग अर्धी बैलाला आणि अर्धी परत. दोन महिन्यांत माणूस निम्मा झाला. एकदा बायको म्हणाली, "अवं, सांगून टाका की. हातभर जोड हाय म्हनावं. हात चांगला हाय त्यांचा."

"तू गप."

"मी गप बसते. ते बी गप बसल्यात. एक दिस कायमचं बसतील."

मी ताट सारून उठलो. तिचा भाऊ तर जामखेडहून एक देवरुषी घेऊन आला. त्यानं बैलांच्या शेणात बसून तांदूळ पसरले आणि म्हणाला, म्हाताऱ्याच्या मागं पांढरीवरचं काहीतरी आलंय. मी त्याला त्याच्या तांदळासकट वेशीपर्यंत पोचवला. मागं काही आलेलं नव्हतं. पुढं मी उभा होतो, खोटं बोलून. एवढं साधं होतं, पण तेव्हा माझ्याकडून कबूल झालं नसतं. माझ्या घरात माझी मान वर राहील एवढीच मला पडली होती.

चैत्र लागला. दुपारी रानातून भाकरीला घरी आलो तर छपरात आबा नाहीत. बायको दारात. "वढ्यापस्तोर बघून आले. शेळ्यावाली म्हनती, खाली उताराला लागल्यात."

खाली उताराला म्हणजे नदीकडं. जुन्या गावाकडं. दीड कोस, भर उन्हात, आंधळा माणूस. मी पाणीसुद्धा न पिता निघालो. काळजीनं नव्हे, संतापानं. कोणी बघितलं तर काय म्हणेल, हेच डोक्यात होतं.

आबा तिथपर्यंत गेले कसे, यात काही अमानवीय नाही, हे आधी सांगतो. तुमचे वाचक तिथंच तोंडाचा आ करतील म्हणून. पुढं मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "पायाला कळतं की. मुरूम संपला की बाभळीचं बन, तिथं वारं थांबतं. मग वाळू. वाळू थंड लागली की डाव्या हाताला गाव." पायानं माणूस जातो, यात काय मोठं.

मी पोचलो तर समोर नुसतं सपाट रान. खणून खणून जमीन हातभर खाली गेलेली, मधेमधे काटेरी झुडपं, वर ऊन. एक भिंत नाही, एक दगड नाही. बावीस वर्षांतली वीस वर्षं मी तिथं काढली, पण माझं घर कुठं होतं हे मला सांगता आलं नसतं. गल्ली कुठली, पार कुठला, काही नाही. आणि त्या सगळ्यात मधोमध आबा मांडी घालून बसले होते. पटका काढून मांडीवर ठेवलेला. घरात बसल्यावर ठेवायचे तसा.

"आबा."

"आलास व्हय. ये."

"उठा. घरी चला."

"घरीच हाय की मी. ये आत. वाकून ये."

"कशाचं आत? माळ हाय हा. काटं हायेत नुसतं."

"असंल. वाक मातर."

"न्हाई वाकत. आवंदा न्हाई आन् कवाच न्हाई. उठा गुमान."

असं म्हणून मी त्यांना दंडाला धरून उठवायला ताडताड पुढं निघालो. आणि माझ्या कपाळावर लाकूड बसलं.

दुसरा शब्द माझ्याकडं नाही. ठक्क असा आवाज झाला, तो मी कानानं ऐकला. उजव्या भुवईच्या वर, जिथं कातडी जाड आहे बरोबर तिथं. मी मागं पडलो. डोळ्यांपुढं काजवे. वर बघितलं तर आभाळ. एक घार फिरत होती. दुसरं काहीच नाही.

आबा म्हणाले, "लागलं न्हवं? तुझी आय सांगून सांगून गेली."

मी उठलो. मी भ्यालो असं कोणाला वाटत असेल तर तो मला ओळखत नाही. मला राग आला. कपाळाला हात लावला, टेंगूळ येत होतं, हाताखाली फुगताना कळत होतं. मी हात पुढं करून ती जागा चाचपली. हवा. वर चाचपली, बाजूला चाचपली, हवा. मग मनात म्हणालो, ठीक आहे, बघतो. वाकलो नाही, दोन पावलं बाजूला होऊन तिरपा आत गेलो आणि आबांच्या शेजारी उभा राहिलो.

तिथं गार होतं. चैत्राच्या दुपारी, डोक्यावर सूर्य, सावलीचं टिपूस नाही, आणि अंगाला गार लागत होतं. माळवदाखाली लागतं तसं, मान आणि पाठ आधी. डोळे उघडे ठेवले की समोर काटे आणि ऊन. डोळे मिटले की वास यायचा. रांजणाखालच्या ओल्या मातीचा, धूर प्यालेल्या लाकडाचा, खुंटीवरच्या अंबाडीच्या दोरांचा, आणि त्या सगळ्याच्या मागून आईच्या उतरंडीतल्या हुलग्याचा. आईला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी डोळे उघडून मिटून तीनदा बघितलं. तीनदा तेच.

हा वास मला आधी कधी आलाच नव्हता. म्हणजे त्या घरात वीस वर्षं होतो, पण वास असा कधी कळला नव्हता. नव्या घराला वास नाही, हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं.

"आबा, तुमच्या हाताला काय लागतं?"

ते उठले. चार पावलं गेले, वळले आणि हात वर केला. कोपरातून वाकवून, तळवा उघडा. हात हवेत थांबला, पण तो रिकाम्या हवेत धरलेल्या हातासारखा नव्हता. टेकलेला होता. तळव्याची कातडी दाबलेली मी जवळ जाऊन बघितली. बोटं गाठीभोवती वळली होती. मी माझा हात त्यांच्या हाताशेजारी नेला. मला काही लागलं नाही.

तेव्हा एक गोष्ट डोक्यात आली. माझा हात त्या लाकडाला जन्मात कधी लागलाच नव्हता. लागायचं ते कपाळ. आबांचं घर आबांच्या तळव्यावर होतं, माझं माझ्या कपाळावर. आणि मी ते हातभर वर नेऊन दोघांच्याही अंगावरून काढून टाकलं होतं.

आबा हात न काढता म्हणाले, "सखा, येक खरं सांग. वर बसवलीस ती आपलीच चौकट हाय का?"

मी कपाळावरचं टेंगूळ चाचपत राहिलो.

"न्हाई म्हन, मंग मी हितंच बसतो. माझं घर हितं हाय, मी हितं हाय, संपलं. व्हय म्हनलास, तर माझा हात मेला म्हनायचा. ज्याचं डोळं बी गेलं आन् हात बी गेला, त्यानं जगून कुनाला बघायचं?"

या दोन्हींतलं मला काहीच बोलता येईना. व्हय म्हणालो तर त्यांचा हात मेला, आणि न्हाई म्हणालो तर ते तिथंच बसणार. राहिलं ते तिसरं, जे खरं होतं, आणि ते तोंडातून निघेना. बावीस वर्षांची मान. मी म्हणालो, "उद्या हात लावून बघा."

"उद्या काय हाय?"

"उद्या बघा म्हणलं ना. चला आता, ऊन लई हाय."

ते हसले. बारीकसं. त्यांना कळलं होतं की नव्हतं, देव जाणे. पटका बांधला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि निघाले. जिथं माझं कपाळ आपटलं होतं तिथून जाताना म्हणाले, "आता तरी वाक." मी तिरपा गेलो.

पुढं हे मी दोघांना सांगितलं. एक आमचे मास्तर. शेजारच्या गावी मिशनची शाळा होती, तिथं मला चौथीपर्यंत शिकवलेले, ख्रिस्ती, लई अभ्यासू माणूस. ते म्हणाले, "सखाराम, हे मनाचे खेळ. सवयीच्या जागी गेलं की शरीराला जुनं आठवतं." मी टेंगूळ दाखवलं. म्हणालो, "मास्तर, मनाला टेंगूळ येतं का?" ते म्हणाले, "झुडपाची फांदी लागली असेल." तिथली झुडपं माझ्या गुडघ्याएवढी होती. आणि दुसरं सांगतो. जमीन खणून हातभर खाली गेली होती. म्हणजे आमची खरी चौकट तिथं जागच्या जागी उभी असती, तरी माझ्या डोक्यावरून गेली असती. तरी लागलं. मास्तरांनी यावर चष्मा पुसला.

दुसरा माझा नातू, पुण्यात असतो, त्यानं सायकॉलॉजीचा कसला तरी शब्द सांगितला. शब्द मोठा होता, आत काही नव्हतं. त्याच्या फ्लॅटवर मी चार दिवस राहून आलोय. सगळ्या खोल्यांना एकच वास, फिनेलचा. डोळे मिटले तर आपण दवाखान्यात आहोत की बँकेत, कळत नाही. कपाळ कुठं लागत नाही, हात कुठं टेकत नाही. आणि हे लोक मला घर म्हणजे काय ते सांगणार.

तर उलगडा नाही. साठ वर्षं होऊन गेली, मी त्या जागेवर परत तीन वेळा गेलो, मुद्दाम ताठ चालत. काही लागलं नाही. वास आला नाही. भूत म्हणाल तर चौकटीचं भूत मी ऐकलेलं नाही, आणि ती चौकट तर तेव्हा माझ्या दारात जिवंत उभी होती. तुमच्याकडं काही उत्तर असेल तर ते तुमच्याकडंच ठेवा, मला आलेली उत्तरं पुरे झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं तेवढं सांगतो आणि थांबतो.

उजाडताना धोंडीबाच्या दारात गेलो. तो राखुंडीनं दात घासत होता. म्हणालो, "जोड काढायचा हाय." त्यानं माझं कपाळ बघितलं. मोठ्या लिंबाएवढं झालं होतं, निळं. चूळ भरली आणि करवत घेऊन निघाला.

चौकट काढली, बाभळीचे तुकडे कापून टाकले, परत उभी केली. बायको आबांना घेऊन आली. आबांनी हात वर केला. लाकूड चार बोटं वर राहिलं.

धोंडीबा म्हणाला, "आता माझ्याकडं इलाज न्हाई. जशी हुती तशी झाली चौकट."

मी विचार करत उभा. पाय उंबऱ्याला लागला, आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला. जुन्या घरात उंबरा पायाला लागायचाच नाही. साठ वर्षं दर आठवड्याला सारवण, दर दिवाळीला मुरूम, आजीनं आणि आईनं हातानं चढवलेली जमीन. जमीन वर आली होती, उंबरा तिच्यात बुडाला होता. चौकट मी नेली, ती जमीन नेलीच नव्हती. ती मी रानात टाकली होती, ज्वारीला.

गाडी जुंपली आणि रानातून माझीच पांढरी भरून आणली. दारात, आत-बाहेर, पसरली, पाणी मारलं, चोपण्यानं चोपली. किती घालायची, याला माप काय? धोंडीबा दोरी घेऊन उभा राहिला. मी म्हणालो, "दोरी ठेवा." चौकटीखाली अनवाणी ताठ उभा राहिलो. टेंगूळ लाकडाच्या खाली राहिलं. आणखी माती. परत उभा राहिलो. अजून दोन बोटं. आणखी माती. चौथ्या वेळी लाकूड टेंगळावर टेकलं, असं टेकलं की डोळ्यांत पाणी आलं. म्हणालो, "बास. एवढंच."

बायकोनं सारवलं. ओलं असतानाच आबा आले. काठी नाही, कोणाचा हात नाही. हात वर केला. तळवा लाकडाला लागला, सरकला, गाठीवर जाऊन बसला. हात तिथंच ठेवून म्हणाले, "सूनबाई, रांजनात पानी हाय का?"

"हाय आबा."

ते डावीकडं तीन पावलं गेले आणि स्वतःच्या हातानं पाणी घेऊन प्याले.

त्यांच्या मागून मी आत गेलो. वाकलो नाही. लागलं.